रनाळ्याचा शोध कोणत्या नावाखाली घ्यायचा?

'प्रकल्प' हा शब्द शाळांत चांगलाच रुळला आहे. विषय फळ्यावर लिहिला जातो, आठवड्याची मुदत मिळते आणि आठ दिवसांनी शिक्षकांच्या टेबलावर रंगीत मुखपृष्ठांच्या वह्यांचा ढीग पडतो. त्यांतील निम्म्या वह्यांत तोच मजकूर, तीच चित्रे आणि त्याच चुका असतात. मजकूर कुठून घेतला असे विचारले, तर 'नेटवरून' हे एका शब्दाचे उत्तर मिळते. शिक्षक हळहळतात, की आमच्या वेळी वाचनालयात बसून टिपणे काढावी लागत. तरुण सहकारी म्हणतात, सगळे मोबाइलवर असताना कपाटे उघडायची कशाला?

आम्हांला हे दोन्ही सूर अपुरे वाटतात. पहिल्यात गतकाळाविषयीचा भाबडेपणा आहे, दुसऱ्यात साधनाविषयीचा. ग्रंथालय आणि इंटरनेट यांचा समतोल म्हणजे अर्धी माहिती इथून आणि अर्धी तिथून, असा हिशेब नव्हे. प्रश्न कोणता आहे, हे आधी पाहावे लागते. म्हणून सर्वसामान्य चर्चेऐवजी एक गाव आणि दोन प्रश्न घेऊन ही साधने तपासून पाहू. गाव आहे नंदुरबार तालुक्यातील रनाळे.

पहिला प्रश्न असा : 'स्वातंत्र्यानंतर आपल्या गावाची लोकसंख्या कशी बदलत गेली आणि आपल्या परिसराविषयी पूर्वी काय लिहून ठेवले आहे?' नववीतला विद्यार्थी मोबाइलवर 'रनाळे, नंदुरबार जिल्हा, लोकसंख्या' असे शब्द टाकील. २०११ च्या जनगणनेचा आकडा त्याला बहुधा मिळेल. प्रयत्न केला, तर २००१ चाही मिळेल. त्यामागे गेले की वाट बंद होते आणि 'माहिती उपलब्ध नाही' असे लिहून तो वही मिटतो.

माहिती उपलब्ध असते. ती दुसऱ्या नावाखाली असते. नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. धुळे जिल्ह्याचे त्याआधीचे नाव पश्चिम खानदेश. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, त्यापूर्वी सगळा एकच खानदेश जिल्हा होता. म्हणजे १९५१ च्या जनगणनेत रनाळे शोधायचे ते पश्चिम खानदेशात, १९६१ ते १९९१ या चार जनगणनांत धुळे जिल्ह्यात, आणि २००१ व २०११ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात. जनगणना सात, जिल्ह्यांची नावे तीन. गाव मात्र जागचे हललेले नाही.

परिसराच्या जुन्या वर्णनाचेही तसेच आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील खानदेशाचा बारावा खंड १८८० साली निघाला. महाराष्ट्र शासनाने धुळे जिल्ह्याच्या गॅझेटियरची सुधारित आवृत्ती १९७४ साली काढली. या दोन्ही ग्रंथांच्या मुखपृष्ठावर नंदुरबारचे नाव असणे शक्यच नाही, कारण तेव्हा तो जिल्हाच नव्हता. आतल्या पानांत मात्र तापीकाठ, सातपुडा, तिथली पिके, बाजार आणि माणसे यांविषयी भरपूर मजकूर आहे.

आता गंमत पाहा. ही गॅझेटियरे शासनाने इंटरनेटवर ठेवली आहेत. जनगणनेच्या जुन्या जिल्हा पुस्तिकाही बऱ्याच प्रमाणात तिथे आहेत. म्हणजे साधन इंटरनेटचेच आहे, पण ते हाती लागण्यासाठी लागणारी दृष्टी ग्रंथालयातली आहे. चांगला ग्रंथपाल पहिला प्रश्न विचारतो : 'हे कोणत्या नावाखाली असेल?' कोशातील 'पहा' हा लहानसा शब्द आणि ग्रंथाच्या शेवटची सूची याच कामासाठी असतात. एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे ती बोट दाखवतात. यंत्र आपण टाकलेल्या शब्दांना जुळणारा किंवा त्यांच्या जवळपासचा मजकूर काढून देते. पण या गावासाठी १९५१ साली 'पश्चिम खानदेश' म्हणायचे, ही जाण शोधणाऱ्याकडेच असावी लागते.

लिपीमुळे आणखी एक अडचण येते. जुने ग्रंथ बहुतांशी इंग्रजीत आहेत आणि रोमन लिपीत 'ळ' ला स्वतंत्र अक्षर नाही. त्यामुळे गावाचे नाव कधी 'रनाले' वाचले जाईल असे लिहिलेले असते, तर कधी 'रनाला'. धुळ्याचे इंग्रजीतले रूप कित्येक वर्षे 'धुलिया' होते. शिवाय जुन्या पानांच्या छायाप्रतींवरून यंत्राने अक्षरे ओळखताना चुका होतात आणि मग शब्द पानावर असूनही शोधात सापडत नाही. अशा वेळी जुनीच रीत कामी येते. अनुक्रमणिका पाहावी, तालुका काढावा आणि गावांच्या यादीवरून बोट फिरवावे. पडद्यावरही ते करता येते. फक्त तसे करायचे असते, हे कुणीतरी शिकवलेले असावे लागते.

एवढ्यावरून ग्रंथालयाचा जयजयकार करण्याचे कारण नाही. ज्या वाचनालयासाठी आपण हळहळतो, ते किती शाळांत खरोखर होते? बहुतेकांच्या आठवणीत एक लोखंडी कपाट असते आणि त्याची किल्ली कुणाकडे तरी असते. तपासणीच्या दिवशी ते उघडत असे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला, अ ते ड वर्गांची शासनमान्य ग्रंथालये गावोगावी निघाली, हे मोठे काम आहे. परंतु संदर्भग्रंथ कसा वापरायचा, सूची कशी पाहायची, हे वर्गात शिकवण्याची प्रथा आपल्याकडे पडली नाही. आमच्या पिढीनेही प्रकल्प उतरवूनच काढले. फक्त पडद्याऐवजी ते गाइडातून उतरवले. नक्कल इंटरनेटने आणलेली नाही. त्याने ती सोपी आणि सुबक केली, इतकेच.

आता दुसरा प्रश्न घेऊ : 'सिकलसेल आजार म्हणजे काय आणि आपल्या जिल्ह्याशी त्याचा संबंध काय?' नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत या आजाराचे रुग्ण आणि वाहक आहेत. वर्गातल्याच एखाद्या मुलीची रक्ततपासणी झालेली असेल. त्यामुळे इथली चूक केवळ गुणांपुरती राहत नाही.

येथे जुने पुस्तक कुठे कमी पडते ते पाहा. मूळ विज्ञान त्यात बरोबर असेल. १९१० साली जेम्स हेरिक यांनी शिकागोमधील एका रुग्णाच्या रक्तात कोयत्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी दिसल्याचे नोंदवले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले. पुढे कळले, की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि एवढ्याशा बदलाने हा सारा अनर्थ होतो. भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत आढळला. हे सगळे तीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातही मिळेल. मात्र १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने सुरू केलेली सिकलसेल निर्मूलन मोहीम त्यात असणार नाही. जनुकांत बदल करून केल्या जाणाऱ्या उपचारांना २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मिळालेली मान्यताही नसेल. या प्रश्नासाठी इंटरनेटकडे जावेच लागते.

पण तिथे गेल्यावर दुसरे संकट उभे राहते. या विषयावरचा पुष्कळ मजकूर अमेरिकेत लिहिला जातो. त्यात हा आजार प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतो, असे म्हटलेले असते. अमेरिकेपुरते ते बरोबर आहे. विद्यार्थी ते वाक्य भाषांतर करून वहीत उतरवतो आणि शेजारच्या बाकावरचा वाहक विद्यार्थी त्या वहीतून नाहीसा होतो. वाक्य खोटे नव्हते. ते दुसऱ्या देशासाठी लिहिलेले होते. लेखक कोण, तो कोणासाठी लिहितो, हे न पाहता घेतलेली खरी माहितीसुद्धा दिशाभूल करते.

याच विषयातली आणखी एक गोष्ट शिक्षकांना उपयोगी पडेल. हा जनुकीय बदल आफ्रिकेत अनेक ठिकाणी आणि भारत-अरबस्तानच्या पट्ट्यात वेगळा, असा स्वतंत्रपणे घडला असावा, असे पुस्तके दीर्घकाळ सांगत आली. २०१८ साली श्राइनर आणि रोटिमी या दोन संशोधकांनी संपूर्ण जनुकसंचांच्या अभ्यासावरून निराळे अनुमान काढले : बदल एकदाच, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी आफ्रिकेत झाला आणि तिथून पसरला. आता विद्यार्थ्याने काय लिहावे? जुने पुस्तक चुकीचे म्हणून फेकावे, की नवा निबंध अंतिम म्हणून स्वीकारावा? आमच्या मते त्याने दोन्ही मते, त्यांची साले आणि त्यांचे आधार लिहावेत. विज्ञान असेच पुढे जाते. प्रकल्पाच्या वहीत हे एकदा तरी दिसले, तर वर्षभराच्या पाठांतरापेक्षा अधिक काही साधले म्हणायचे.

मराठी विद्यार्थ्याच्या हाती आज जी दोन मोठी संदर्भसाधने आहेत, त्यांच्याकडेही याच नजरेने पाहायला हवे. मराठी विश्वकोश ही आपली मोलाची ठेव आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. नोंदीखाली लेखकाचे नाव, 'पहा' अशी सूचना आणि संदर्भग्रंथ देण्याची त्याची शिस्त विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावी अशी आहे. आता हा कोश इंटरनेटवर आहे, ही आनंदाची गोष्ट. मात्र कपाटातल्या खंडाची पाने पिवळी पडलेली असतात, पहिल्या पानावर साल छापलेले असते आणि हा मजकूर जुना आहे, हे पुस्तक स्वतःच सांगते. पडद्यावर सगळी पाने सारखीच पांढरी. २४ ऑगस्ट २००६ रोजी आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ग्रहाची नवी व्याख्या केली आणि प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळले. त्याआधी लिहिलेल्या कोणत्याही कोशात सूर्यमालेचे ग्रह नऊच असणार. ती कोशाची चूक नव्हे. साल न पाहणाऱ्या वाचकाची ती चूक आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याला नाक मुरडणे ही शिक्षकांची फॅशन झाली आहे. 'नेचर' या नियतकालिकाने डिसेंबर २००५ मध्ये विज्ञानविषयक ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या, तेव्हा विकिपीडियात नोंदीमागे सुमारे चार आणि ब्रिटानिका कोशात सुमारे तीन त्रुटी निघाल्या. ब्रिटानिकाच्या संपादकांनी त्या पाहणीवर आक्षेप घेतले, हेही सांगितले पाहिजे. शिवाय ती पाहणी इंग्रजी नोंदींची होती. तिचे प्रशस्तिपत्र मराठी नोंदींना आपोआप लागू होत नाही. विकिपीडियाचा खरा गुण निराळाच आहे. त्याच्या प्रत्येक लेखाला 'इतिहास' नावाचे पान असते. लेख कधी सुरू झाला, कोणी काय बदलले, काय खोडले, हे तिथे दिसते. छापील कोशात ही सोय नाही. प्रकल्पासाठी विकिपीडिया वापरणारे किती विद्यार्थी हे पान उघडतात? त्याहून अवघड प्रश्न, किती शिक्षक ते उघडून दाखवतात?

छापलेले म्हणजे खरे, या समजुतीवरही थोडे बोलले पाहिजे. पालकाच्या भाजीतील लोहाचा आकडा दशांशचिन्ह चुकल्यामुळे दहापट झाला, ही गोष्ट अनेक शिक्षक अचूकपणाचे महत्त्व सांगताना सांगतात. १९८१ साली ती एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि पुढे पुष्कळांनी तिचा आधार घेतला. २०१० साली माइक सटन या अभ्यासकाने मुळाशी जाऊन शोध घेतला, तेव्हा त्या दशांशचिन्हाच्या कथेला आधारच सापडला नाही. चुकीपासून सावध करणारी गोष्टच न तपासता पसरली होती, आणि तीही छापील पानांवरून. आम्ही स्वतः या बाबतीत निर्दोष नाही. संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात दुसऱ्याच्या संदर्भयादीतून एक निबंध आम्ही न वाचताच आपल्या यादीत घेतला होता. पुढे तो वाचला, तेव्हा आमच्या विधानाला त्यात दुजोरा नसल्याचे दिसले. उतरवून काढण्याचा मोह प्रबंध लिहिणाऱ्यालाही सुटत नाही, तर नववीतल्या मुलाला काय बोलावे?

तेव्हा ग्रंथालयात तयार झालेली दृष्टी पुरेशी आहे का? तीही नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे आठवतो. त्यांनी दहा इतिहासकार, बातम्यांची सत्यता तपासणारे दहा व्यावसायिक आणि पंचवीस विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे पारखायला दिली. ग्रंथ वाचण्यात आयुष्य घालवलेले इतिहासकारही बऱ्याच वेळा फसले. ते पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत राहिले आणि त्याच्या सुबक मांडणीवर विश्वास ठेवून बसले. सत्यता तपासणारे मात्र ते पान लगेच सोडून बाहेर पडत. या संस्थेविषयी दुसरे कोण काय म्हणते, हे आधी पाहून मग परत येत. पुस्तक नीट वाचायचे, तर त्यात रमावे लागते. संकेतस्थळ पारखायचे, तर त्यातून आधी बाहेर पडावे लागते. या दोन सवयी परस्परविरुद्ध आहेत आणि विद्यार्थ्याला दोन्ही हव्यात.

शियाली रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यांतले चौथे. इंटरनेटवरच्या शोधयंत्रांनी हे सूत्र कमालीच्या निष्ठेने पाळले. २०२२ च्या अखेरीपासून सर्वांच्या हाती आलेल्या संवाद साधणाऱ्या संगणकप्रणाली त्याच्याही पुढे गेल्या. त्या थेट उत्तर लिहून देतात. उत्तर सफाईदार असते, त्यामुळे ते कोणाचे, केव्हाचे, कशाच्या आधारावरचे, हे विचारायचेच राहून जाते. रंगनाथनांच्या ग्रंथालयात वाचकाचा वेळ वाचवणारा ग्रंथपाल त्याला ग्रंथापर्यंत पोहोचवत असे. आता वाचणारा वेळ वाचकाला ग्रंथाच्या अलीकडेच थांबवतो.

उपाय खर्चिक नाही. त्याला संगणककक्ष लागत नाही आणि वेगवान जोडणीही लागत नाही. प्रकल्पाला आपण गुण कशाचे देतो, एवढेच बदलायचे आहे. आज गुण मिळतात ते मजकुराच्या पानांना, चित्रांना आणि मुखपृष्ठाला. त्याऐवजी निम्मे गुण 'शोधवही'ला द्यावेत. शोधवही म्हणजे दोन पानांची नोंद. तिच्यात चार गोष्टी असाव्यात. कोणकोणत्या नावांखाली शोध घेतला? जे सापडले ते कोणी, कोणत्या साली आणि कोणासाठी लिहिले? तीच गोष्ट दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणी पाहिली का, आणि फरक आढळला तर कोणता? शोधूनही काय सापडले नाही? शेवटच्या प्रश्नालाही गुण असावेत. 'पश्चिम खानदेश या नावाखाली पाहिले, गावाची यादी सापडली, पण पान पुसट होते' हे प्रामाणिक वाक्य वीस छापील पानांहून मोलाचे आहे.

साधनांपैकी एक छापील, एक इंटरनेटवरचे आणि एक प्रत्यक्ष माणसाचे असावे, असा नियम करता येईल. लोकसंख्येच्या प्रश्नासाठी ग्रामपंचायतीचे दप्तर आणि गावातील वृद्ध आहेत. सिकलसेलसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचारी आहेत. दोन वाहकांना चार मुले झाली तर त्यांपैकी एक नक्की आजारी असेल, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्येक मुलाच्या वेळी ही शक्यता नव्याने २५ टक्के असते, हे आरोग्यसेविकेच्या तोंडून ऐकले आणि मग पुस्तकात पाहिले, तर कायमचे लक्षात राहते. कोणा विद्यार्थ्याच्या तपासणीचा निकाल मात्र वर्गाच्या चर्चेत येता कामा नये, हे शिक्षकांनी कटाक्षाने पाहावे.

भाषेचाही विचार हवा. या भागातल्या मुलांच्या घरात अहिराणी किंवा भिली बोलली जाते. शाळेतली मराठी त्यांची दुसरी भाषा आणि इंटरनेटवरची इंग्रजी तिसरी. त्यांनी मजकूर उतरवून काढला, तर त्यामागे नेहमी आळस नसतो. कित्येकदा तो मजकूर स्वतःच्या शब्दांत सांगण्याचे बळच नसते. अशा मुलाला चार ओळी घरच्या बोलीत सांगू द्याव्यात आणि मग मराठीत लिहायला लावावे. जे बोलीत सांगता आले, ते समजले. जे सांगता आले नाही, ते वहीत कितीही सुंदर असले तरी परकेच आहे.

यंदा प्रकल्पाचा विषय फळ्यावर लिहिताना शिक्षकांनी त्याखाली एक ओळ वाढवावी : 'या विषयाची दुसरी नावे शोधा.' रनाळ्याच्या विद्यार्थ्याने त्या ओळीवरून धुळे, पश्चिम खानदेश आणि खानदेश ही तीन नावे काढली, तर त्याच्यासाठी ग्रंथालयाचे कपाट आणि इंटरनेटचा पडदा ही दोन्ही दारे एकदम उघडतील. मग तो कोणत्या दाराने आत शिरला, याची काळजी आपण करण्याचे कारण उरणार नाही.